पलूसचं वाइन पार्क आणि एकाच गिऱ्हाइकाचं द्राक्ष



आपल्या भागात वाइनचं नाव काढलं की माणसं एकतर हसतात, नाहीतर विषय बदलतात. पण सातारा-सांगलीच्या द्राक्षाचा इतिहास सांगायचा तर हा भाग वगळून चालत नाही. गेल्या श्रावणात बागेत काड्या पक्व होत आल्या होत्या, हाताला जरा सवड होती. तेव्हा पलूसला जाऊन आलो आणि पुढं नाशिककडं विंचूरलाही. दोन वायनऱ्या आतून बघितल्या. नावं देत नाही, कारण विषय त्यांचा नाही, आपला आहे.

बिगरहंगामात मुद्दाम गेलो. जानेवारी ते मार्च गाळपाची धांदल असते, तेव्हा तिथं कुणाला बोलायला वेळ नसतो. पावसाळ्यात क्रशर धुऊन झाकलेला, क्रेट एकावर एक रचलेले आणि स्टीलच्या टाक्या मात्र भरलेल्या. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरी आधी रस काढून. मग निवळणं, गाळणं, बाटल्या भरणं. काही माल लाकडी पिंपात मुरत पडलेला. सव्वा किलोच्या आसपास द्राक्षात पाऊण लिटरची एक बाटली होते. आपण फेब्रुवारीत दिलेलं द्राक्ष श्रावणात अजून टाकीतच असतं. म्हणजे कारखान्याचा पैसाही टाकीतच असतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता थोडं मागं जाऊ. १९४९ साली सातारा जिल्हा फोडून दक्षिण सातारा केला, १९६० ला त्याचंच नाव सांगली झालं. आपण एकाच कृष्णेच्या काठची माणसं. पलूसजवळचं कुंडल हे औंध संस्थानातलं, आणि औंध तर आमच्या खटाव तालुक्यात. त्याच संस्थानाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभी केली. त्यामुळं पलूसच्या बाजूला कारखाना ही गोष्ट नवी नाही.

दक्षिण सातारा झाला त्याच १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. बावन्न वर्षांनी, २००१ साली, महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि दोन वाइन पार्क ठरवले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला.

सांगलीची निवड उगाच झाली नव्हती. थॉमसन सीडलेस महाराष्ट्रात आलं साठच्या दशकात. त्यातूनच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडून काढलं. शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत नजरेनं हेरलेला वाण पुढं राज्यभर गेला. छाटणी, संजीवकं, डाऊनीचा बंदोबस्त यात इथली पोरं कुणाला ऐकणारी नव्हती. मग वाइनच का अडली?

माझ्या मते कारण बागेत नव्हतं, विक्रीत होतं.

कॅबर्ने, शिराझ, शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं. मणी बारीक, बी असलेली, साल जाड. २२ ते २४ ब्रिक्सला तोडायची, पहाटे तोडून काही तासांत कारखान्यात पोचवायची. बाजारात नेली तर कोण घेणार? खायला चालत नाहीत, बी असल्यामुळं बेदाण्यालाही नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक एकच, आणि तेही ठरलेल्या दिवशीच.

२००८ ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, पर्यटक थांबला, वाइनचा उठाव बसला. टाक्या आधीच्याच मालानं भरलेल्या, मग नवं द्राक्ष घालायचं कुठं? नारायणगावची इंडेज ही ऐंशीच्या दशकापासूनची नावाजलेली कंपनी, तीही पुढं बंद पडली. बऱ्याच ठिकाणी माल उचलला गेला नाही, कुठं पैसे थकले. शेतकऱ्यांनी बागा काढल्या, नाहीतर खुंट तोच ठेवून वर खायच्या वाणाचं कलम केलं. नाशिकला पर्यटन आणि मोठ्या वायनऱ्यांमुळं धंदा पुन्हा सावरला. पलूसला ती गर्दी कधी झालीच नाही.

आता आपल्याच भागातली दुसरी दोन पिकं शेजारी ठेवून बघा.

ऊस. त्यालाही गिऱ्हाईक कारखानाच. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज असं लिहिलेलं आहे. पाळलं जातं की नाही हा वेगळा झगडा, पण भांडायला कागद आहे.

बेदाणा. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो होतो. डीपिंग करून रॅकवर टाकायचा, मार्च-एप्रिलचं कोरडं वारं बाकीचं काम करतं. दर पडला तर कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो. सौद्यातली उधळण, अडत, कर्जाचं व्याज या तक्रारी आहेतच. पण कधी विकायचं हे थोडं तरी आपल्या हातात राहतं. खायचं द्राक्ष दरानं मार खाल्लं तर शेडवर नेता येतं. ही पळवाट होती म्हणून तासगाव, कवठेमहांकाळ, जतची बाग टिकली.

वाइनच्या द्राक्षाला कायद्याचा कागदही नव्हता आणि पळवाटही नव्हती. फक्त करार होता, आणि करार लिहिणारा कारखानाच होता.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा पुन्हा शेतकऱ्याच्या फायद्याचं नाव पुढं आलं. विरोध झाला, निर्णय अंमलात आला नाही. वाइन प्यावी की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, माळकऱ्यांच्या घरात त्यावर वाद नको. पण द्राक्ष लावणाऱ्यानं वेगळं विचारायला पाहिजे होतं: माल नाही उचलला तर काय?

आज वाइन सोडा, कराराची शेती सगळीकडं आलीय. बियाणं-प्लॉट, चिप्सचा बटाटा, गेरकिन, औषधी वनस्पती. सही करण्याआधी चार ओळी कागदावर आहेत का ते बघा. पैसे किती दिवसांत. ब्रिक्स किंवा प्रत कोण मोजणार आणि ती कुणाच्या समोर. गिऱ्हाइकानं माल नाकारला तर भरपाई किती. आणि तो माल दुसरीकडं कुठं खपतो. चौथ्या ओळीचं उत्तर ‘कुठंच नाही’ असेल, तर पहिल्या तीन ओळी लोखंडासारख्या पक्क्या पाहिजेत. नाहीतर सगळं रान त्यात घालू नका.

पलूस, तासगाव, फलटण भागात ज्यांनी त्या काळात वाइनचे वाण लावले होते, त्यांनी कोणता वाण, कोणता खुंट आणि बाग कोणत्या साली काढली एवढं तरी लिहा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, तुमच्याच वहीत आहे.