पणजीच्या भूमीचे वाटे

पणजी नगरीविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा आदिलशहाच्या वाड्यापासून प्रारंभ करतो. मांडवीच्या काठचा तो वाडा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती पडला, १७५९ मध्ये व्हाइसरॉय तेथे राहावयास आले, आणि पुढे कित्येक वर्षे गोमंतकाचा राज्यकारभार त्याच वास्तूतून चालला. हे सर्व वाचकांस विदितच आहे. परंतु वाड्याच्या सभोवतीची जमीन कोणाची होती, तिचे भूखंड कोणत्या नियमाने पडले, कोठे घर बांधावे व कोठे बांधू नये हे कोण ठरवीत असे, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अलीकडे प्रादेशिक आराखड्यातील क्षेत्रबदलांवरून गोमंतकात जो वाद माजला, तो वाचताना ही उणीव आम्हांस विशेष जाणवली. दोन्ही बाजूंचे लोक असे बोलत होते, की जणू भूमीची विभागणी १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानेच या प्रांतात आणली. वस्तुस्थिती तशी नाही.

पणजी हे मूळचे स्वतंत्र गाव नव्हे, ताळगावचा तो एक वाडा. ताळगाव तिसवाडी महालात मोडते, आणि तिसवाडी हे नावच मुळी तीस वसाहतींचे स्मरण देणारे आहे. या गावांची जमीन गावकारांच्या समुदायाकडे, म्हणजे गावकारीकडे असे. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही. अफोंसो मेशिया या त्यांच्या महसूल-अधिकाऱ्याने १५२६ मध्ये गावकारीचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले आणि राज्याचा कर ठरवून दिला. पुढे गावकारीस 'कोमुनिदाद' हे नाव पडले. गावकारी आपली भातशेती ठरावीक मुदतीने लिलावात कसावयास देई. आलेल्या उत्पन्नातून राज्याचा कर, देवस्थान, बांध, रस्ते यांचा खर्च भागवून जे उरे, ते गावकारांत वाटले जाई. त्या वाट्यास 'जोण' म्हणतात.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की या व्यवस्थेत जमिनीचे प्रकार पाण्यावरून पाडलेले होते. भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली सखल जमीन ती खाजन. किंचित उंचावरील रेताड जमीन ती खेर. डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांची ती मोरड. माडांची लागवड असेल ते भाट. पावसाळी पीक सरद, उन्हाळी वायंगण. बांधाला जेथे दार ठेवलेले असे, ज्यातून ओहोटीला आतले पाणी बाहेर जाई व भरतीला बाहेरचे खारे पाणी अडे, त्या दारास मानस म्हणत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस 'मानस' म्हणजे काय असे विचारले, तर ते 'मन' किंवा 'मानस सरोवर' असे उत्तर देतात. त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही शिक्षकांनी हा शब्द कधी पाठ्यविषय मानला नाही. परंतु खाजन, खेर, मोरड आणि भाट या चार शब्दांत गावाचा संपूर्ण भूवापर नकाशा साठवलेला होता, आणि तो कागदावर नसल्यामुळे त्यात चोरून फेरफार करणेही अवघड होते. खाजनात घर बांधू नये हे सांगण्यास कायदा लागत नसे. बांध फुटला तर काय होते, ते सर्वांनी पाहिलेले असे.

म्हणून ती व्यवस्था न्यायाची होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गावकारीचा हक्क पुरुषवंशाने चाले. स्त्रियांस त्यात स्थान नव्हते. आणि जो प्रत्यक्ष चिखलात उभा राहून बांध घाली, त्याला गावकारीच्या सभेत बहुधा बोलावयाचा अधिकारच नसे. भाटकाराच्या माडांखाली झोपडी बांधून राहणारा मुंडकार तर सर्वस्वी भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून असे. जुन्याचे गोडवे गाताना आपले काही विद्वान मित्र हा भाग सोयीस्करपणे गाळतात.

गावकारीच्या पडीक जमिनीला फुटलेली वाट म्हणजे 'आफ्रामेंत'. वार्षिक धारा ठरवून जमीन कायमची एखाद्याच्या हवाली करावयाची, ही ती पद्धत. जमीन लागवडीखाली यावी हा तिचा मूळ हेतू. पण वस्ती वाढत गेली तसा त्याच वाटेने घरांसाठी भूखंड दिला जाऊ लागला. कोमुनिदादींविषयीच्या संहिता १९०४ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये झाल्या. त्या वाचल्या म्हणजे दिसते, की लागवडीसाठी घडलेला नियम हळूहळू भूखंड पाडण्याचा नियम कसा बनला.

आता नगराकडे वळू. जुने गोवे रोगराईने ओसाड पडू लागले, तशी राज्यकर्त्यांची दृष्टी पश्चिमेकडे वळली. तत्पूर्वीच, १६३० च्या दशकात, लिन्यारिशच्या काउंटच्या कारकिर्दीत रायबंदर ते पणजी असा सुमारे तीन किलोमीटरांचा दगडी मार्ग मिठागरांच्या व दलदलीच्या कडेने बांधला गेला होता. आजही त्यावरून वाहने धावतात. परंतु पणजीला नगराचे रूप दिले ते दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने. १८२६ ते १८३५ या त्याच्या कारकिर्दीत दलदल भरून काढली गेली, सरळ रस्ते आखले गेले, सरकारी इमारती उठल्या. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने शहराचा दर्जा मिळाला. ज्या भूमीवर हे शहर उभे राहिले, तिचा मोठा भाग पाण्याकडून घेतलेला होता, ही गोष्ट राजाज्ञेत नाही. ती दरवर्षी पावसाळ्यात अठरा जून रस्त्यावर वाचावयास मिळते.

या नगरात भूखंड पाडण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी दिसतात. चर्चच्या पश्चिमेस भरावाच्या जमिनीवर काटकोनात छेदणारे रस्ते आणि त्यांमधील चौकोनी खंड आहेत; येथे आधी रेघ आली व मागाहून घर आले. आल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी, ओरेंच्या खाडीपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात फोंताईन्यश आहे. तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियु जुवांव द सिकैर या, आफ्रिकेतील मोझांबिकात धन मिळवून परतलेल्या गोमंतकीयाचे नारळीचे भाट होते. त्यावरून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. पुढे ते भाट चिंबलच्या कार्मेलाइट मठाकडे आणि नंतर सरकारकडे गेले, आणि त्यावर वस्ती झाली. येथील भूखंड टेकडीच्या वळणाने वळतात, घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, आणि रस्ता म्हणजे घरांनी सोडलेली जागा. आज पर्यटक या वाड्याची छायाचित्रे घेत फिरतात. आजच्या नियमानुसार असा वाडा नव्याने बांधावयाचा म्हटले, तर रस्त्याची रुंदी आणि बाजूचे सोडलेले अंतर या दोन कलमांवरच अर्ज परत येईल.

भूखंडाचे वाटे केवळ राज्यकर्ता पाडत नाही, वारसाही पाडतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोमंतकात लागू झाली. तिच्यानुसार मुलगा व मुलगी यांचा वाटा समान. मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येते ती मिळकतीचा अर्धा भागच. उरलेला अर्धा मुलाबाळांपासून हिरावता येत नाही. पतिपत्नींची मिळकतही सामान्यतः सामाईक, त्यामुळे एकाच्या निधनानंतर अर्धी दुसऱ्याची. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने या संहितेचा वारसाविषयक भाग नव्या रूपात घेतला, तत्त्वे बव्हंशी तीच राहिली. कन्येस समान वाटा देणारा हा कायदा आम्हांस निःसंशय श्रेयस्कर वाटतो. पण त्याचा भूमीवर होणारा परिणाम पाहिला पाहिजे. इन्व्हेंटरीचा दावा चालवून, वारसांत बोली लावून घर एकाकडे देण्याची सोय आहे; तरी पुष्कळ कुटुंबांत ते काम पिढ्यान्पिढ्या तसेच राहते. मग एक-चौदाच्या उताऱ्यावर नावांची रांग लागते. त्यांतील काही मुंबईला, काही लिस्बनला, काही परलोकात. अशा घराचे छप्पर कोणी दुरुस्त करीत नाही, आणि शेवटी सर्वांच्या सह्या गोळा करण्याची चिकाटी असते ती बांधकाम व्यावसायिकाच्याच अंगी.

१९ डिसेंबर १९६१ नंतर या चित्रात दोन कायद्यांनी मोठा बदल घडविला. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ मध्ये जी पाचवी दुरुस्ती झाली, तिने कुळांस कसत्या जमिनीचे मालक मानले. आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकारास हुसकावून लावण्यास बंदी केली. शतकांचा अन्याय त्यातून पुष्कळसा दूर झाला. मात्र बांधाचे काय, हा प्रश्न राहून गेला. पूर्वी बांधाचा खर्च गावकारी उचले. आता शेत कुळाचे झाले आणि बांध कूळ-संघटनेकडे आला. संघटना जागरूक होत्या तेथे मानस शाबूत राहिली. नव्हत्या तेथे फळ्या कुजल्या, खारे पाणी आत आले, भात पिकेना, शेत पडीक राहिले. आणि पडीक शेत हे क्षेत्रबदलाच्या अर्जाला सर्वांत सोयीचे. कुळांना मिळालेली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामी लावू नये म्हणून १९९१ मध्ये भूवापर नियमन कायदाही झाला. पण शेत शेतच राहावयाचे तर बांध कोणी बांधावयाचा, याचे उत्तर त्यात नाही. आमच्या मते गोमंतकाच्या भूप्रश्नाची गाठ येथे आहे, आणि शहरात बसून आराखडे पाहणाऱ्यांच्या लक्षात ती फारशी येत नाही.

१९७४ चा नियोजन कायदा आला तो अशा पार्श्वभूमीवर. त्याने जमिनीला रंग दिले : वस्तीचा, व्यापाराचा, उद्योगाचा, शेतीबागायतीचा. भूखंड पाडण्यासही अनुज्ञा आवश्यक केली. १९८६ मध्ये पहिला प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला, आणि १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासूनचे पट्टे आखले. त्याच सुमारास ओरेंच्या खाडीपलीकडील पाटोच्या दलदलीवर नवे कार्यालयीन नगर उभे राहत होते. दों मान्युएलचेच काम दीडशे वर्षांनी पुढे चालले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

२००६ मध्ये अधिसूचित झालेल्या '२०११ च्या आराखड्यात' मोठ्या प्रमाणावर शेते, डोंगर व किनारा वस्तीच्या रंगात गेल्याचे उघडकीस येताच लोक रस्त्यावर आले, आणि शासनास तो आराखडा मागे घ्यावा लागला. लोकचळवळीने संपूर्ण नियोजन-नकाशा रद्द करविल्याची ही घटना भारतात दुर्मीळच म्हणावी लागेल. त्यानंतरचा '२०२१ चा आराखडा' गावोगावच्या सूचना मागवून सिद्ध झाला, २०११ मध्ये अधिसूचित झाला, आणि लगेच २०१२ मध्ये स्थगित झाला. पुढे २०२३ मध्ये कायद्यात १७(२) हे कलम घालून आराखड्यातील 'चुका' व 'विसंगती' दुरुस्त करण्याचा अधिकार घेतला गेला. २०२४ मध्ये ३९-अ हे कलम आले. त्यानुसार क्षेत्रबदलाचा प्रस्ताव जाहीर करून सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत ठेवली गेली. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द ठरविले.

या कलमांच्या वैधानिक बाजूचा निवाडा करणे हे न्यायालयांचे काम. आमची हरकत इतिहासाची आहे. गावकारी सबंध गावाच्या जमिनीचा विचार एकत्र करीत असे, कारण वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जात असे. दों मान्युएलने दलदल भरली तीही सबंध नगर डोळ्यांपुढे ठेवून. सर्व्हे क्रमांकागणिक अर्ज घेऊन, एकेका तुकड्याचा रंग बदलण्याची ही रीत मात्र या प्रांताच्या पाचशे वर्षांच्या भू-इतिहासात आम्हांस अन्यत्र आढळत नाही. ताळगावचेच उदाहरण घ्या. नागाळीच्या डोंगराकडून निघणारा सांतिनेजचा ओहोळ ताळगावच्या शेतांतून व पणजीच्या वस्तीतून काम्पालजवळ मांडवीला मिळतो. शेतांत पाणी मुरते तोवर ओहोळ पेलतो. शेतातील एका भूखंडावर भराव पडला तर काहीच बिघडत नाही. अशा पन्नास भूखंडांवर पडला म्हणजे पाणी सांतिनेजच्या वस्तीत शिरते. पण पन्नासही अर्ज वेगवेगळे असतात, आणि प्रत्येक अर्ज स्वतःपुरता निर्दोष असतो.

ताळगावात दरवर्षी २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. नव्या भाताची पहिली कणसे कापण्याचा मान तेथील गावकारांकडे आहे, आणि तो आफोंसु द अल्बुकेर्कने दिल्याचे गाव सांगतो. ती कणसे ज्या शेतांतून येतात, त्यांच्या सभोवती आता इमारती आहेत. क्षेत्रबदलाच्या जाहीर सूचनेत सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, जुना रंग आणि नवा रंग असे रकाने असतात. त्यांत एक रकाना वाढवावा, आणि त्या जमिनीचे पाणी कोणत्या बांधाकडे व कोणत्या मानशीकडे जाते ते त्यात लिहावे, अशी आमची सूचना आहे. तो रकाना भरावयास अभियंत्याची आवश्यकता नाही. ताळगावात तो भरू शकतील असे वृद्ध शेतकरी अद्याप आहेत.