दहा हजार पावलं कुणी ठरवली?

मंडळी, सकाळी बागेत मनगटावर घड्याळ बांधून फिरणाऱ्या कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, रोज किती चालायचं? उत्तर ठरलेलं असतं: दहा हजार पावलं. हा आकडा गाठता येत नाही म्हणून चालणंच सोडून दिलेलं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. म्हणून आज आम्ही या आकड्याचा इतिहास सांगणार आहोत.

हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या जपानी घड्याळ कंपनीनं पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मान्पोकेई'. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल, 'केई' म्हणजे मोजणारं यंत्र. झालं! आकडा यंत्राच्या नावातच बसला. इतकी पावलं चालणारी म्हातारी माणसं जास्त जगतात, असं मोजून दाखवलेला अभ्यास तेव्हा कुणाच्या हाती नव्हता. गोल आकडा, लक्षात राहणारा. हे यंत्र आपल्याकडे निघालं असतं, तर कदाचित अकरा हजार एक झाले असते.

मग चालण्या-चढण्याचा शास्त्रीय अभ्यास झालाच नव्हता का? झाला होता, आणि फार सुंदर झाला होता. त्यासाठी लंडनला जावं लागेल. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९४९ च्या सुमारास लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. पस्तीस ते चौसष्ट वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष. बस तीच, रस्ते तेच, वस्तीही साधारण एकाच थरातली. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर डबलडेकरच्या जिन्यावर वर-खाली. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या! (मुंबईकरांना तो अरुंद जिना समजावून सांगायला नको.) १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य.

आम्हाला मॉरिस आवडतात ते त्यांच्या पुढच्या कामासाठी. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं मिळवली, तर तरुण ड्रायव्हरांच्या विजारीसुद्धा कमरेला रुंद निघाल्या. म्हणजे बसून आजार होतो, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होतात? हा प्रश्न त्यांनी लपवला नाही, १९५६ साली छापला. पुढे अंगकाठी हिशेबात धरूनही कंडक्टरांचा फायदा टिकला.

पण एक लक्षात घ्या. ही सगळी कामावरची माणसं होती. निवृत्त झालेला, गुडघे धरलेला माणूस या अभ्यासात नव्हताच. वृद्धांची पावलं नीट मोजली जायला पुढे कित्येक दशकं लागली. हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांच्या गटानं अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांना, सरासरी वय ७२, आठवडाभर हालचाल मोजणारं यंत्र लावायला दिलं. निष्कर्ष २०१९ साली आले. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. एकूण पावलं धरल्यावर, भराभर चालण्यानं वेगळा फारसा फरक दिसला नाही. आता, जास्त चालतात म्हणून जगतात की मुळात धडधाकट म्हणून चालतात, ही मॉरिसचीच जुनी शंका इथेही आहे. लींनी ती टाळायचा बराच प्रयत्न केला, पण अशा अभ्यासात ती पूर्ण जात नाही. तरी बावीसशे पावलं चालणाऱ्या आजींना आम्ही काय सांगावं? दहा हजार, की अजून दोन हजार? आमचं मत उघड आहे.

आता यंत्राची दुसरी बाजू. पावलं मोजणारं यंत्र पावलंच मोजणार. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, हे त्याला दिसत नाही. आणि म्हातारपणी खरा घोर त्याचाच असतो. संडासातून उठताना आधार लागायला लागला, की माणूस दुसऱ्याच्या हातात गेला.

यावरचा प्रयोग बोस्टनमध्ये झाला, १९९० साली प्रसिद्ध झाला. डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धांच्या एका संस्थेतली दहा अशक्त माणसं निवडली. सरासरी वय नव्वद! या वयाच्या माणसाला आपण 'जपून' म्हणतो. बाईंनी त्यांच्या पायांना वजनं लावली, आणि तीही हलकी नव्हेत. आठ आठवडे. दहापैकी नऊ जणांनी व्यायाम पूर्ण केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. सुरुवातीला तिघांना हातांच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. त्यांतला एक जण उठू लागला. तो त्या दिवशी किती पावलं चालला, याची नोंद कुणी ठेवली नाही.