गॅरेजमधून आणलेली गाडी पुन्हा बिघडली? इंजिन खोलू देण्याआधी हे वाचा

समजा, हेड गॅस्केट गेलं म्हणून गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये होती. ३५ हजारांचं बिल भरून ती घरी आली. रविवारी घरची मंडळी पुण्याहून साताऱ्याला निघाली आणि खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेकडे सरकला. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, घेऊन या. खोलून बघतो."

ऐकायला दिलासा वाटतो, पण खरी अडचण इथूनच सुरू होते. पहिली दुरुस्ती कशी झाली होती, याचा सगळ्यात मोठा पुरावा त्या इंजिनमध्येच असतो. त्याच हातांनी ते पुन्हा खोललं की पुरावाही संपतो.

आधी इंजिन वाचवा

काटा चढला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार महागात पडतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी अंगावर उडतं.

ऑईलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला, तर थांबायला आणखी कमी वेळ असतो. ऑईलचा दाब गेला की बेअरिंग कोरडी फिरतात आणि इंजिन सीज होऊ शकतं. पिवळा 'चेक इंजिन' दिवा तुलनेनं सौम्य असतो. मात्र तो लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होत असल्याची शक्यता असते.

या अवस्थेत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. आणखी एक कारण म्हणजे, दिवा लागल्यावरही गाडी पळवली तर पुढचं नुकसान तुमच्यामुळे झालं, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

दोष दुरुस्तीचा की गाडीच्या वयाचा?

मेकॅनिकनं हात लावल्यानंतर गाडी बिघडली, एवढ्यानं दोष त्याचा ठरत नाही. ब्रेक पॅड बदलल्यावर आठवड्यानं अल्टरनेटर गेला, तर तो योगायोग असू शकतो. ज्या भागाचं काम झालं, त्याचाच या बिघाडाशी संबंध आहे का, हे पाहावं लागतं.

हेड गॅस्केटच्या कामात काही ठरलेल्या चुका होतात. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं. ते सपाट आहे का हे तपासून, गरज असल्यास फेसिंग करून घ्यावं लागतं. ही पायरी गाळून नुसतं नवं गॅस्केट बसवलं, तर ते पुन्हा जातं. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या टॉर्कनं आवळायचे असतात. ते अंदाजानं आवळून चालत नाही. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढली नाही, तरी गाडी तापते. आणि पहिल्यांदा गॅस्केट का गेलं, हेच कुणी पाहिलं नसेल, तर खराब थर्मोस्टॅट किंवा बंद पडलेला पंखा पुन्हा तोच प्रकार घडवतो.

साध्या सर्व्हिसिंगनंतरचे बिघाडही ओळखीचे असतात. ऑईल चेंबरचा नट सैल राहतो, फिल्टरचं जुनं रबर न काढताच नवा फिल्टर बसवला जातो, किंवा ऑईल कमी-जास्त भरलं जातं.

काही खुणा घरीही दिसतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळत असावं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑईल दिसलं, तर त्यात पाणी मिसळलेलं असू शकतं. फक्त झाकणाखाली थोडा फेस असेल तर लगेच घाबरू नका. कमी अंतराच्या फेऱ्यांमुळे वाफ साचूनही तसं होतं.

खोलण्याआधी काय जमवायचं?

- डॅशबोर्डवरचे दिवे, किलोमीटरचा आकडा, गळती आणि धूर यांचे फोटो-व्हिडिओ काढा.
- पक्कं बिल, जॉब कार्ड, यूपीआयची नोंद आणि मेकॅनिकसोबतचे मेसेज जपून ठेवा. फक्त कच्ची चिठ्ठी असेल, तर झालेलं काम आणि दिलेली रक्कम लिहून मेसेज पाठवा आणि त्याचं उत्तर मिळवा.
- अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा दुसऱ्या जाणकार गॅरेजमधून तपासणी करून घ्या. स्कॅनरवर आलेले कोड पुसण्याआधी नोंदवा. गॅस्केटची शंका असेल, तर कम्प्रेशन आणि कूलिंग प्रेशर टेस्ट हेड न उतरवताही होते.
- निष्कर्ष लेखी घ्या. "काम नीट झालेलं नाही" एवढं मोघम वाक्य पुरेसं नाही. नेमकं काय चुकलं आणि त्यामुळे काय बिघडलं, हे त्यात हवं.
- इंजिन खोलावंच लागलं, तर पहिल्या मेकॅनिकला आधी लेखी कळवा आणि हजर राहायची संधी द्या. खोलताना व्हिडिओ काढा आणि निघालेले पार्ट ताब्यात घ्या.

पैसे दिल्याशिवाय गाडी मिळेना

भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती वस्तू अडवून ठेवू शकतो. पण हा हक्क त्याच कामाच्या पैशांपुरता असतो. बिल मान्य नसूनही गाडी हवी असेल, तर "हरकत नोंदवून रक्कम भरली" असं बिलावर लिहा आणि त्याचा फोटो ठेवा.

दाद कुठे मागायची?

आधी मेकॅनिकला लेखी कळवा आणि मोफत दुरुस्ती किंवा परतावा यासाठी ठरावीक मुदत द्या. अनेक प्रकरणं इथेच मिटू शकतात. नाही मिटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन केलेली सदोष दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र तक्रारदाराची असते, म्हणून तो लेखी अहवाल महत्त्वाचा.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाडाचा खर्च मिळत नाही.

पुढच्या वेळी गाडी सोडतानाच कामाची यादी आणि अंदाजे खर्च लिहून घ्या, आणि जुने पार्ट परत मागा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. घाटात गाडी बंद पडल्यावर मात्र "त्यानं तोंडी सांगितलं होतं" हे वाक्य कुठेच चालत नाही.