चेसीस एकाची, बॉडी दुसऱ्याची

विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ मूळची आपल्या परंड्याच्या किल्ल्यातली. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. पुढे ती परंड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती ओढून नेली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी सिंहाचा जबडा. अशी दुसरी तोफ नाही. १८५४ मध्ये इंग्रज सरकारने ती निकामी माल म्हणून लिलावात काढली, तेव्हा बोली आली फक्त १५० रुपयांची. रक्कम फारच क्षुल्लक ठरली, म्हणून विक्री रद्द झाली आणि तोफ वाचली.

एकाच धन्यासाठी घडवलेल्या वस्तूच्या नशिबी हे येतंच. ज्याने हुकूम दिला त्याच्या लेखी ती अमोल असते. तो गेला की दुसऱ्याला तिचं काय करावं ते कळत नाही, आणि शेवटी बोली लावतो तो मोडवाला. १९७० च्या दशकात युरोप-अमेरिकेत हाताने बॉडी बांधून घेतलेल्या आलिशान मोटारी आज लिलावात याच फेऱ्यात सापडल्या आहेत. नवी असताना बंगल्याच्या भावाने घेतलेली गाडी आता साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळते. असं का होतं हे पाहायला तिचं कूळ धुंडाळावं लागतं.

सुरुवातीच्या काळात मोटार दोन दुकानांतून घ्यावी लागे. रोल्स-रॉइससारखा कारखाना फक्त चेसीस विकायचा, म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर इंजिन, गिअर, चाकं, स्टिअरिंग. गिऱ्हाईक ती बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवायचं. हे बॉडीवाले मुळात घोड्याच्या गाड्या बांधणारे. लंडनची बार्कर कंपनी १७१० पासून त्या धंद्यात होती. घोडे गेले, इंजिन आलं, पण सुतार, पत्रेवाला, रंगारी आणि गादीवाला तेच राहिले.

या बार्करची एक गाडी परंड्याच्या धन्याकडेही होती. १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या राज्यात, आणि ज्याच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत तो मीर उस्मान अली खान शेवटचा निजाम. त्याच्या वडिलांनी, मीर महबूब अली खानांनी, रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चेसीसवर बार्करकडून एक गाडी बांधायला सांगितली. पिवळा रंग, मागची बैठक सिंहासनासारखी उंच, तिच्यावर जरीकाम. १९११ मध्ये महबूब अली खान वारले आणि गाडी मुलाच्या वाट्याला आली. ती चालवली फार कमी गेली. आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती पाहायला मिळते. कोल्हापूरच्या छत्रपतींची तीसच्या दशकातली मेबॅकही याच रिवाजातली. दरवर्षी शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते. मेबॅकचा कारखानाही चेसीसच विकायचा. बॉडी दुसरीकडे बांधली जायची.

काम कसं चालायचं हे समजल्याशिवाय किमतीचं गणित सुटत नाही. आधी ॲश लाकडाचा सांगाडा उभा राहायचा, दार, खांब, छत सगळं सुतारकाम. मग अॅल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, दोन रुळांच्या चाकात फिरवून बाक द्यायचा आणि लाकडावर बसवायचा. डावं मडगार्ड उजव्याशी तंतोतंत जुळत नसे. मधल्या फटी पत्रेवाला अंगठ्याने चाचपून सारख्या करायचा. वर रंगाचे हात चढवायचे, प्रत्येक हातानंतर घासायचं. अशा बॉडीला सुटा भाग नसतो. दार चेपलं तर ते कुठल्या दुकानात मिळत नाही, नव्याने ठोकूनच बनवावं लागतं.

हा धंदा बुडवला तो मोनोकॉकने. वेगळी चेसीस काढून टाकून पत्र्याच्या डब्यालाच सांगाडा करायची ही रीत. दाबयंत्रावर एकसारखे भाग हजारोंनी निघू लागले, आणि चेसीसच नाही तर बॉडी कशावर बांधायची? हूपर कंपनीने १९५९ मध्ये बॉडी बांधणं बंद केलं. रोल्स-रॉइसने आपल्या ताब्यातल्या पार्क वॉर्ड आणि मलिनर या दोन बॉडीवाल्यांची १९६१ मध्ये एक कंपनी केली. १९६५ ला रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो मोनोकॉकवर आली आणि खेळ जवळजवळ संपला.

तरी हौशी धनिक संपले नव्हते. म्हणून सत्तरच्या दशकात या कुळाची शेवटची पिढी जन्माला आली. यांच्याखाली तयार, भरवशाचं यंत्र असायचं आणि वर हाताने घडवलेला साज. रोल्स-रॉइसने पिनिनफरीनाच्या आराखड्यावर १९७५ मध्ये कामार्ग काढली. त्या काळी ती कंपनीची सर्वांत महाग गाडी होती, आणि १९८६ पर्यंत जेमतेम ५३० च्या आसपास बनल्या. जर्मनीत बिटर सीडी ओपेलच्या सांगाड्यावर उभी राहिली. १९७३ ते १९७९ या काळात ३९५ गाड्या. स्वित्झर्लंडच्या मॉन्टेव्हर्डीत क्रायस्लरचं इंजिन आणि बॉडी इटलीची. अमेरिकेतल्या स्टुट्झ ब्लॅकहॉकच्या खाली पाँटिअॅक होती आणि बॉडी हाताने ठोकून इटलीतून यायची. पहिली विकली गेली ती एल्विस प्रेस्लीला.

काळ मात्र वाईट निघाला. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं, काही महिन्यांत कच्चं तेल तिप्पट-चौपट महागलं आणि पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या गाड्या नकोशा झाल्या. आपल्याकडे १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि संस्थानिकांचे मोटारखाने मोडीत निघू लागले. इकडे ॲम्बॅसिडर, प्रीमियर-फियाट आणि स्टँडर्ड यांच्यापलीकडे नवी गाडी मिळणंच मुश्कील. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात निघायच्या, तीच काय ती खिडकी.

आता भावाचं कोडं सुटतं. या गाड्या तीस वर्षं नुसत्या जुन्या होत्या, विंटेज नव्हत्या. बनवताना लागलेला हात आज भाड्याने मिळत नाही. सिल्व्हर शॅडोच्या घराण्यातल्या गाड्यांच्या ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा सित्रोएनच्या परवान्याने घेतलेली. ती गळू लागली की मेस्त्री हात जोडतो. पाँटिअॅक किंवा ओपेलचं यंत्र तुलनेने स्वस्तात सुधारतं. पण दाराखालच्या पट्टीत किंवा चाकावरच्या कमानीत गंज घुसला, की एका पत्र्याच्या दुरुस्तीत गाडीची सगळी किंमत जाते. म्हणजे स्वस्त असतो तो फक्त सौदा, गाडी नव्हे.

इथे परंड्याच्या माणसाने जरा थांबून आपल्याच एसटी स्टँडकडे पाहावं. बसचं इंजिन आणि चेसीस टाटा किंवा अशोक लेलँडची, पण बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या कार्यशाळेत बांधलेली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर निघालेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडी आणि छत कापडी होतं. पुढे अॅल्युमिनियम आलं, अलीकडे माइल्ड स्टील. सोलापूर हायवेवर उघड्या चेसीसवर डोक्याला फडकं बांधून बसलेला ड्रायव्हर बॉडी बांधायला निघालेला दिसतो, तोही याच रिवाजाचा. श्रीमंताच्या मोटारीतून जे कौशल्य गेलं ते आपल्याकडे ट्रक आणि बसमध्ये टिकलं. पत्रा ठोकणारा, रिबीट मारणारा, लांबी भरून घासणारा माणूस अजून कामावर आहे.

शिवाय घड्याळही आता या गाड्यांच्या बाजूने फिरतंय. २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार नियमांत विंटेज गाडीची व्याख्या झाली: वय ५० वर्षांहून जास्त, मूळ स्वरूप कायम, चेसीस, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरबदल नाही. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढायची. २०२५ मध्ये आयातीचा नियमही बदलला. पूर्वी फक्त १९५० पूर्वीच्या गाड्या आणता येत, आता ५० वर्षं पूर्ण झालेल्या. म्हणजे सत्तरच्या दशकातलं दरवर्षी एक साल दारात येतंय. कर मात्र गाडीच्या किमतीहून जास्त बसतो, त्यामुळे तिकडची स्वस्त गाडी मुंबईच्या बंदरावर उतरेपर्यंत स्वस्त राहत नाही.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल, तर गाडी नव्हे, आधी पत्र्याचा माणूस शोधावा. त्याला सोबत नेऊन दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी मोजायला लावाव्यात, गालिचा उचलून जमिनीचा पत्रा पाहायला लावावा, लांबी कुठे जाड चढलीय ते लोहचुंबक फिरवून ताडायला लावावं. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चुंबक चिकटणार नाही, हेही त्याला माहीत असतं. इंजिन कुणीही सुरू करून दाखवतो. नियमात मोठा फेरबदल चालत नाही, म्हणून कुजलेली बॉडी बदलून मोकळं होता येत नाही. आहे तीच हाताने वाचवावी लागते. पत्रेवाल्याने मान डोलवली तरच भाव विचारावा, आणि गाडीच्या किमतीइतकीच रक्कम त्याच्या मजुरीसाठी बाजूला काढून ठेवावी.