एलायझाची शिकवणी

'माय फेअर लेडी' या संगीत नाटकाच्या तालमी १९५६च्या जानेवारीत न्यूयॉर्कला सुरू झाल्या, तेव्हा प्रोफेसर हिगिन्सचं काम करणारा रेक्स हॅरिसन बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ची पेंग्विनची स्वस्त आवृत्ती सोबत बाळगायचा. ॲलन जे लर्नरच्या संहितेतलं एखादं वाक्य कानाला खटकलं की तालीम जागच्या जागी थांबायची. 'माझा पेंग्विन कुठाय?' अशी आरोळी उठायची. मग पानं उलटायची, शॉचं मूळ वाक्य सापडायचं, ताडून पाहणं व्हायचं, आणि मगच पुढचं वाक्य. शेवटी मंडळींनी पेंढा भरलेला एक खराखुरा पेंग्विन पैदा केला आणि पुढची आरोळी आली तशी तो विंगेतून रंगमंचावर पाठवला. हॅरिसनसकट सगळे हसले. त्यानंतर पुस्तकाचा तगादा बंद झाला, आणि तो पक्षी हॅरिसनने आपल्या रंगपटात ठेवून घेतला.

लर्नरने १९७८ साली लिहिलेल्या आठवणींत हा किस्सा आहे, आणि या नाटकाचे दोन चाहते भेटले की तो निघतोच. मला तो फार प्रिय आहे, कारण मी ठाण्यातल्या हौशी नाटकांना बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं आहे. संहिता मांडीवर घेऊन विंगेत बसणाऱ्या माणसाला शब्दासाठी भांडणारा नट किती मोलाचा वाटतो, ते त्या खुर्चीत बसल्यावरच कळतं.

शॉ हयात असता तर हे नाटक झालंच नसतं. त्याच्या 'आर्म्स अँड द मॅन'वर १९०८ साली 'द चॉकलेट सोल्जर' नावाची ऑपेरेटा निघाली. ती त्याला इतकी नापसंत होती की पुढे 'पिग्मॅलियन'ला कुणी चाल लावू म्हटलं की तो साफ नकार द्यायचा. तो १९५० साली गेला. चित्रपट-निर्माता गॅब्रिएल पास्कल हे नाटक संगीतासाठी घेऊन दारोदार फिरत होता. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जोडीनेही ते हातात धरून पाहिलं आणि होत नाही म्हणून सोडून दिलं. लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लो यांनीही १९५२ साली एकदा हात टेकले होते.

अडचण खरी होती. शॉच्या नाटकात दिवाणखान्यात बसून माणसं बोलतात, तीही इतकं नेमकं की गाण्याला फट सापडत नाही. फुलं विकणारी गावंढळ मुलगी एलायझा, तिला सहा महिन्यांत सरदारघराण्यातल्या बाईसारखं बोलायला शिकवायची पैज, आणि पैज जिंकल्यावर 'आता माझं काय?' हा त्या मुलीचा प्रश्न. एवढं सगळं त्यात आहे, पण शिकवणी मात्र जवळजवळ सगळी पडद्यामागे, दोन अंकांच्या मधल्या काळात उरकलेली. १९५४ साली लर्नर-लो पुन्हा बसले तेव्हा त्यांना वाट दिसली ती इथेच. शॉच्या संवादांना फार धक्का लावायचा नाही, पण तो दोन अंकांमध्ये जे सांगत नाही ते प्रेक्षकांसमोर आणायचं. १९३८च्या चित्रपटाने तसं थोडंफार केलेलंही होतं. नाटकाचे हक्क अजून हातात नव्हते, तरी दोघांनी लिहायला सुरुवात केली.

या शिकवणीकडेच मला सारखं बोट दाखवायचं आहे. कारण ती रंगमंचावर जशी घडते तशीच, आणि माझ्या मते त्याहून चुरशीने, पडद्यामागे घडली.

एलायझासाठी आधी मेरी मार्टिनचा विचार झाला. तिने गाणी ऐकली, तिला ती मुळीच आवडली नाहीत, विषय संपला. मग आली ज्युली अँड्र्यूज. लहानपणापासून इंग्लंडच्या व्हरायटी थिएटरांतून गाणारी, ब्रॉडवेवर 'द बॉय फ्रेंड'मध्ये नाव मिळवलेली, १९५५च्या ऑक्टोबरात वीस पूर्ण झालेली मुलगी. तिचा आवाज निर्मळ, पण शॉचं गद्य पेलण्याचा अनुभव शून्य. १९१४ साली लंडनला हीच भूमिका पहिल्यांदा करणारी मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती, रंगभूमी कोळून प्यायलेली. इथे मुलगी भूमिकेच्या वयाची होती, पण भूमिका तिच्या आवाक्याबाहेरची वाटत होती. आणखी एक गोष्ट ऐकून मला दर वेळी आनंद होतो. ज्युलीचं बोलणं इतकं स्वच्छ होतं की लंडनच्या रस्त्यावरची कॉकनी तिला येतच नव्हती, आणि ती तिला शिकवली एका अमेरिकन उच्चारतज्ज्ञाने. हिगिन्सचीच शिकवणी, फक्त उलट्या दिशेने.

तालमीचे पहिले दिवस तिला वाईट गेले. समोर हॅरिसन, तोही भयंकर कडक. ही मुलगी अशीच राहिली तर मी काम सोडतो, इथपर्यंत त्याची मजल गेल्याचं सांगतात. तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने जे केलं ते दिग्दर्शन शिकणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. त्याने बाकी सगळ्या कंपनीला अठ्ठेचाळीस तासांची सुट्टी दिली आणि ज्युलीला एकटीला घेऊन बसला. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, एकेक ओळ. तो रागावला, समजावलं, टोमणे मारले, शाबासकी दिली. उठून स्वतः एलायझा होऊन दाखवलं. त्या दोन दिवसांत एलायझा त्याने माझ्या अंगावर चिकटवली, अशा अर्थाचं ज्युली पुढे सांगत आली. घरी गेल्यावर बायकोने, किटी कार्लाइलने, कसं झालं म्हणून विचारलं. या मुलीच्या अंगातला इंग्रजी चिवटपणा बघून यांनी हिंदुस्थान घालवलाच कसा असा प्रश्न पडतो, असं उत्तर हार्टने दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

इथे मला थोडं थांबायचं आहे. तालमीत एखादी नवी मुलगी अडली की आपल्याकडे काय होतं ते मी विंगेतून पाहिलं आहे. सगळ्यांसमोर तिला तेच वाक्य परत परत म्हणायला लावतात. जुने नट घड्याळ बघतात. मुलगी आणखी आकसते. हार्टने आधी प्रेक्षक हटवले, मग शिकवलं. बंद दाराआड तो तिच्याशी कठोर वागला असेल, पण चारचौघांत तिची लाज जाऊ दिली नाही. सोमवारी तालमीला जी मुलगी उभी राहिली ती वेगळीच होती, आणि ती वेगळी कशी झाली हे पाहायला सहकलाकारांपैकी कुणीही तिथे नव्हतं.

आता हॅरिसन. शिकवणारा प्रोफेसर रंगमंचावर जितका निर्धास्त दिसतो तितका तो आतून घाबरलेला होता, कारण त्याला गाता येत नव्हतं. गाण्याच्या शिक्षकाकडे त्याने रीतसर प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. मग दुसऱ्या एका जाणकाराने त्याला सुरांच्या कडेकडेने बोलायला शिकवलं. शब्द तालात धरायचे, सूर मनात ठेवायचा आणि अधूनमधूनच त्याला स्पर्श करायचा. लोने पुढची गाणी त्याच बेताने बांधली. पियानोवर हे ठीक चाललं. पण गावोगावच्या चाचणी-प्रयोगांतला पहिला मुक्काम न्यू हेवनला शूबर्ट थिएटरात होता. तिथे खड्ड्यात बत्तीस वादकांचा वाद्यवृंद बसला आणि हॅरिसनला त्या गजरात आपली चाल सापडेना.

४ फेब्रुवारी १९५६, शनिवार. बाहेर हिमवादळ. दुपारी हॅरिसनने जाहीर केलं की आज रात्री मी उभा राहणार नाही. कंपनीला सुट्टी दिली गेली, नटमंडळी गावभर पांगली. पण तिकिटं खपलेली होती आणि लोक बर्फातून वाट काढत निघालेही होते. थिएटरच्या व्यवस्थापकाने बजावलं की प्रयोग का रद्द झाला हे मी लोकांना खरं खरं सांगेन. हॅरिसन कसाबसा तयार झाला तेव्हा पडदा उघडायला तासाभराचाच अवधी राहिला होता. माणसं पळाली, मिळेल तिथून कलाकार गोळा करून आणले. हार्टने पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना सांभाळून घ्यायची विनंती केली. आणि मग 'द रेन इन स्पेन' आलं. महिनोन्महिने बिघडलेला उच्चार एका रात्री अचानक सुधारतो, प्रोफेसर, त्याचा दोस्त पिकरिंग आणि एलायझा आनंदाने नाचतात आणि सोफ्यावर कोसळतात. टाळ्या थांबेनात. नाटक पुढे सरकेना. हे गाणं लर्नर-लोने दहा-एक मिनिटांत रचलेलं. आपल्या संगीत नाटकांचा प्रेक्षक असता तर त्याने वन्स मोअर घेतलाच असता.

त्या रात्रीचा प्रयोग फारच लांबला. दुसऱ्या दिवसापासून कात्री चालली, आणि कात्रीची ही हकीगत चाहत्यांना सगळ्यात जास्त ठाऊक असते. दूतावासाच्या नाचाआधीचा एक बॅले गेला. 'कम टू द बॉल' हे हिगिन्सचं गाणं गेलं. एलायझाचं 'से अ प्रेअर फॉर मी टुनाइट' गेलं, ते दोन वर्षांनी 'जीजी' चित्रपटात वापरलं. फ्रेडीचं 'ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह' हेही जाणार होतं, कारण त्यावर न्यू हेवनचा प्रेक्षक थंड बसला होता. लो आणि हार्ट दोघेही ते काढायला तयार होते. लर्नरचा मात्र त्यात जीव होता. विचार करता करता त्याच्या लक्षात आलं की चूक गाण्यात नाही. हा गाणारा तरुण कोण हेच लोकांना आठवत नाही. आधीच्या ॲस्कॉटच्या शर्यतीच्या प्रवेशात वेशभूषाकार सेसिल बीटनने सगळ्यांना काळ्या-पांढऱ्या-करड्या पोशाखात उभं केलेलं, त्या गर्दीत फ्रेडी बुडून गेला होता. मग गाण्याच्या सुरुवातीला नव्या ओळी घातल्या. एलायझाला शर्यतीत भेटलेला मुलगा तो हाच, एवढं प्रेक्षकाला कळावं इतपतच. तेच गाणं, तोच नट, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. नाटकात गाणं पडतं तेव्हा दोष पुष्कळदा आधीच्या प्रवेशात असतो, ही गोष्ट मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी दाखवलेली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५६ला मार्क हेलिंजर थिएटरात पडदा उघडला तो २९ सप्टेंबर १९६२पर्यंत चालत राहिला. २,७१७ प्रयोग झाले, 'ओक्लाहोमा!'चा उच्चांक मोडला. उभ्याने पाहायच्या तिकिटांसाठीसुद्धा रांगा लागत. तो मूळ संच पूर्ण प्रयोगात चित्रित झालेला नाही. १९६४च्या चित्रपटात ज्युलीच्या जागी ऑड्री हेपबर्न आली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. म्हणजे ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांच्या आठवणींखेरीज आपल्या हाती आहे ती मुख्यत्वे तबकडी. उद्घाटनानंतर दहाच दिवसांनी, एका रविवारी, कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. तो स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च. आणि मार्क हेलिंजरमध्ये आज नाटक होत नाही, तिथे १९८९पासून चर्च आहे.

माझ्याकडची प्रत मुंबईत जुन्या तबकड्यांच्या दुकानात मिळाली. वेष्टणावर अल् हर्शफेल्डचं रेखाचित्र आहे. वर ढगांत दाढीवाला शॉ कळसूत्री बाहुल्यांचे दोर धरून बसलेला, त्याच्या दोरांना हिगिन्स, आणि हिगिन्सच्या हातातल्या दोरांना एलायझा. लंडनच्या संचाने १९५९ साली हीच गाणी स्टिरिओत पुन्हा मुद्रित केली, आणि दोन्हींतली चांगली कुठली यावर चाहते तासन् तास वाद घालतात. मी पहिलीच्या बाजूने आहे. दुसरीतली ज्युली सराईत आहे. पहिलीतल्या एलायझाच्या संतापाच्या गाण्यात मात्र अजून धार आहे, नुकत्याच शिकून उभ्या राहिलेल्या मुलीची.

त्या संतापाच्या गाण्याचं आपल्याशी नातं आहे. पु. ल. देशपांड्यांनी 'पिग्मॅलियन'वरून लिहिलेलं 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आलं. मास्तरला धडा शिकवण्याच्या शपथा घेणारं त्यातल्या एलायझाचं, म्हणजे मंजुळाचं, स्वगत भक्ती बर्वे यांनी अजरामर केलं. असं स्वगत शॉच्या नाटकात नाही. ते ज्या ठिकाणी येतं, शिकवणीला कंटाळलेली मुलगी एकटी सापडते तिथे, ती जागा लर्नर-लोने शोधलेली. पुलंनी तिथे गाणं न घालता स्वगत घातलं, आणि मराठी नटीला असं काही दिलं की त्यानंतर एकपात्री स्पर्धांत ते कुणी ना कुणी करतंच.

त्या मुली कधीकधी माझ्याकडे पाठांतर पक्कं करायला येतात. बहुतेक जणी पहिल्या शब्दापासून ओरडतात. मी त्यांना थांबवते आणि हार्टने बंद केलेल्या त्या दारामागचे दोन दिवस सांगते. मग खाली बसून एकच उच्चार पन्नास वेळा म्हणायला लावते, घसा सुकेपर्यंत, वीट येईपर्यंत. त्यानंतर उठून स्वगत सुरू करायचं. राग करून दाखवावा लागत नाही, तो दिवसभराच्या घोकंपट्टीतून आपोआप येतो, आणि पहिली तीन-चार वाक्यं दबक्या आवाजात निघतात, जशी ती निघायला हवीत.