शिकारी कुत्र्याचा वाटा आणि सत्तर वर्षं न विचारलेला प्रश्न

संशोधनाचा विषय शोधताना बहुतेक जण 'अजून कुणी न पाहिलेलं' काहीतरी शोधत असतात. आज एक उलटं उदाहरण बघूया. सगळ्यांनी पाहिलेलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, तरी जवळपास सत्तर वर्षं पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. आणि उत्तर होतं शिकारी कुत्र्याच्या जेवणात.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये हरणाची शिकार झाली की कुत्र्यांना त्यांचा वाटा जागेवरच मिळायचा. सोललेल्या कातड्यावर रक्त, पावाचे तुकडे आणि आतडी एकत्र कालवून ठेवायची आणि मग कुत्रे सोडायचे. या विधीला 'क्युरे' म्हणत. गास्तों फेब्युस या सरदाराने १३८७ साली लिहायला घेतलेल्या शिकारीच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. हेतू साधा होता: पाठलागाचं बक्षीस मिळालं की कुत्रा पुढच्या वेळी जोमाने धावेल. साध्या शिकाऱ्याचंही तेच. ससा मारला की मांस घरी आणि कोथळा कुत्र्याला.

आता त्या सशाच्या पोटात डोकावूया. आतड्यांभोवतीच्या पडद्यावर पुष्कळदा वाटाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पिशव्या दिसतात. प्रत्येक पिशवीत एक इवलंसं डोकं असतं, त्यावर आकडे आणि चोषक. कुत्र्याच्या आतड्यात मात्र लांबलचक, चपटा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, सापडतो. दोन्ही गोष्टी शिकाऱ्यांना आणि वैद्यांना कधीपासूनच ठाऊक होत्या. पण पुस्तकात त्यांची घरं वेगळी होती. कार्ल रुडॉल्फी या कृमितज्ज्ञाने १८०८ च्या सुमारास जे वर्गीकरण केलं, त्यात पट्टकृमींचा एक गण आणि पिशवीतल्या कृमींचा दुसराच. हे कृमी शरीरात आपोआप उपजतात, असंही तेव्हा अनेक विद्वान मानत.

गंमत म्हणजे साम्य कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. पीटर पलासने १७६६ मध्ये ते नोंदवलं होतं. योहान ग्योत्से या जर्मन पाद्र्याने १७८२ मध्ये उंदराच्या यकृतातल्या पिशवीचं डोकं आणि मांजरातल्या पट्टकृमीचं डोकं यांतलं साम्य दाखवलं. पण 'साम्य आहे' हे निरीक्षण झालं. 'उंदराला कोण खातं?' हा प्रश्न झाला. निरीक्षणापासून प्रश्नापर्यंत यायला इतकी वर्षं लागली.

मध्ये एक गोष्ट घडली. १८४२ मध्ये डेन्मार्कच्या यापेतुस स्टीनस्ट्रुपने दाखवलं, की काही प्राण्यांमध्ये एक पिढी दुसरीसारखी दिसतच नाही. दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच जिवाच्या अवस्था असू शकतात, ही कल्पना आता करता येऊ लागली. हे लक्षात ठेवा: कधी कधी पुरावा जुनाच असतो, त्याला जोडणारी कल्पना उशिरा येते.

मग आला सॅक्सनीतला एक डॉक्टर, फ्रिडरिख क्युखनमायस्टर. १८५१ पासून त्याने सशातल्या त्या पिशव्या कोल्ह्या-कुत्र्यांना मुद्दाम खाऊ घातल्या आणि काही आठवड्यांनी त्यांची आतडी तपासली. आत पट्टकृमी! शिकारी शेकडो वर्षं नकळत जे करत होते, तेच त्याने मोजूनमापून केलं.

पण वाद इथे संपला नाही, आणि संशोधक म्हणून शिकण्यासारखं इथेच आहे. कार्ल फॉन सीबोल्टनेही १८५२ मध्ये मेंढीतल्या हायडॅटिड पिशव्या कुत्र्यांना खाऊ घातल्या. त्यालाही कृमी मिळाले, जेमतेम काही मिलिमीटरचे. तरी पिशवीतला कृमी म्हणजे वाट चुकून भलत्याच प्राण्यात शिरलेला आणि त्यामुळे फुगून आजारी पडलेला पट्टकृमी, असंच तो म्हणत राहिला. क्युखनमायस्टरच्या मते ती नेहमीची, आवश्यक अवस्था होती. निकाल सारखे, अर्थ दोन! मग उलटा प्रयोग करावा लागला. कुत्र्यातल्या पट्टकृमीचे अंड्यांनी भरलेले तुकडे मेंढ्यांना दिले आणि मेंढ्यांच्या मेंदूत पिशव्या तयार झाल्या. वर्तुळ दोन्ही बाजूंनी तपासलं, तेव्हाच ते पूर्ण झालं.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. माणसातला पट्टकृमी सिद्ध करण्यासाठी त्याने फाशीच्या कैद्याला न सांगता जेवणातून या पिशव्या दिल्या आणि १८५५ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हाही त्यावर टीका झाली. निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून पद्धत योग्य ठरत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय झाला, ते आइसलंडमध्ये दिसतं. तिथे शिकारीऐवजी मेंढपाळीचे कुत्रे, पण रीत तीच: घरी मेंढी कापली की आतले अवयव कुत्र्याला. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात हायडॅटिड गाठी वाढायच्या. लोक मरायचे. १८६३ मध्ये डॅनिश कृमितज्ज्ञ हाराल्ड क्रॅबे तिथे गेला. त्याने १०० कुत्रे तपासले, २८ मध्ये तो इवला कृमी निघाला. मग लोकांसाठी आइसलंडिक भाषेत पुस्तिका निघाली, पुढे कायदे झाले: कुत्र्यांना कृमींचं औषध द्या, रोगट अवयव नष्ट करा. पुढे कत्तलखाने आले आणि काही पिढ्यांत हा आजार तिथून जवळजवळ नाहीसा झाला. माणसांवर प्रभावी औषध नव्हतं, तरीही! साखळीची फक्त एक कडी तोडली: कुत्र्याचं ताट.

ती कडी आजही तिथेच आहे. शिकारीचं कच्चं मांस, विशेषतः आतले अवयव, कुत्र्याला घालणं म्हणजे पिशवी तिच्या पुढच्या मुक्कामी पोचवणं. नीट शिजवलं तर धोका जातो. सशातल्या कृमीने माणसाला काही होत नाही, हायडॅटिडच्या अंड्यांनी होतं. म्हणून 'कुत्रा तर ठणठणीत दिसतो' हा पुरावा नव्हे. हायडॅटिडचे कृमी पोटात असलेला कुत्राही ठणठणीतच दिसतो.

तुमच्या विषयाकडे परत येऊ. वाचन करताना दोन याद्या करा: तुमच्या क्षेत्रात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या, पण वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवलेल्या गोष्टी कोणत्या? आणि ज्यांना विद्वान विचारत नाहीत अशी, रोज ते काम करणारी माणसं कोण? क्युखनमायस्टरचं उत्तर या दोन याद्यांच्या मधोमध होतं. तुमचा प्रश्नही कदाचित तिथेच सापडेल.