तांब्याच्या वाटा

वृत्तपत्रात छायाचित्र छापावयाचे तर पूर्वी त्याचा ‘ब्लॉक’ करीत. धातूच्या पत्र्यावर चित्र उमटवावयाचे, राखावयाचा भाग आम्लरोधक लेपाने झाकावयाचा आणि उघडा भाग आम्लाला खाऊ द्यावयाचा, अशी ती कृती. आज घरच्या टेबलावर हौसेने सर्किट बोर्ड करणारा माणूस जवळजवळ हेच करीत असतो. यात नवल नाही. हा बोर्ड मुळी छापखान्याच्या विद्येतूनच आला आहे.

पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा अभियंता, जन्म १९०७ चा. तो ज्यू, त्यामुळे मायदेशी चांगल्या नोकरीची दारे त्याला मिटलेली होती. छपाईच्या धंद्याशी त्याची ओळख झाली ती तेथेच. १९३६ साली तो इंग्लंडला आला आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागात भाड्याच्या खोलीत राहून प्रयोग करू लागला. त्या काळच्या रेडिओचे पोट उघडले तर आत तारांचे जंजाळ दिसे. एकेक तार हाताने कापून, वाकवून, डाख देऊन जोडावी लागे. आयस्लर म्हणाला, तारा जोडावयाच्या कशाला? त्या छापाव्यात! वीज न वाहणाऱ्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा, हव्या त्या रेघा शाईने झाकाव्या आणि बाकीचे तांबे रसायनात विरघळू द्यावे. उरेल ती विजेची वाट. एका कंपनीपुढे त्याने ही कल्पना मांडली. हे काम आमच्याकडे मुली करतात आणि ते स्वस्तात होते, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले.

पुढे महायुद्ध आले आणि ज्या देशात आसरा घेतला त्यानेच त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून काही काळ स्थानबद्ध केले. सुटकेनंतर त्याला हात दिला तो एका छपाईच्या कंपनीने! १९४३ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. युद्धानंतर छापील सर्किट जगभर पसरले. अमेरिकन न्यायालयाने मात्र १९६३ मध्ये त्याचा तेथील हक्क अमान्य केला. जगाच्या घराघरांत शिरलेल्या या वस्तूने तिच्या जनकाच्या पदरात फारसे टाकले नाही, याची खंत आम्हांस वाटते.

असो. आम्हीही या हौसेत पडलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तांब्याची पाटी आणि फेरिक क्लोराइड सहज मिळते. अवघड असते ती आखणी. एकाच पृष्ठावर दोन वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत. छेदल्या की सर्किट बिघडले. मग एखादी वाट जुन्या वाड्यांमधल्या बोळासारखी वळसे घेत न्यावी, नाहीतर वरून तारेचा पूल टाकावा. एक पूल वाचविण्यासाठी आम्ही दोन-दोन रात्री घालविल्या आहेत. कागदावरचा नकाशा इस्त्रीने तांब्यावर उतरविला की तो उलटा उमटतो. खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याला हे उपजत कळते. आम्हांला कळले ते पाटी कोरून झाल्यावर! आयसीचे पाय आरशातल्यासारखे उलट्या क्रमाने आले होते. शेवटी ती आयसी पाटीच्या पाठीमागून, तांब्याच्या बाजूने बसविली. ती चालली, पण पाटी पाहुण्यांना दाखविण्याजोगी राहिली नाही.

आता आखणी संगणकावर होते. फ्रान्समधील ग्रनोबल येथील शिक्षक झां-पिएर शारास यांनी १९९२ साली ‘किकॅड’ हा आज्ञासंच सुरू केला आणि तो पुढे सर्वांना फुकट खुला झाला. आयस्लर वारला तेही त्याच वर्षी. आखलेला नकाशा कारखान्याकडे धाडावयाचा तर बहुधा ‘गर्बर’ नावाच्या फायलींत धाडतात. हे नाव जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून पडले. तेही व्हिएन्नाचेच ज्यू, जन्म १९२४ चा. नाझींच्या तावडीतून सुटून ते १९४० मध्ये अमेरिकेस पोहोचले होते. पाट्या करून देणाऱ्याला आम्ही फोन केला, तेव्हा त्याने नाव-गाव विचारण्याआधीच सांगितले, “गर्बर पाठवा.”